दहावी विज्ञान पॉडकास्ट : नेमकं ऐकतंय कोण? (जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५च्या नोंदी)

मी आटपाडी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. आमच्या निम्म्याहून जास्त मुली वाड्यावस्त्यांवरून एसटीने येतात. खासगी क्लास परवडत नाही. घरात मोबाईल एकच, तोही बहुतेक वेळ भावाच्या नाहीतर वडिलांच्या खिशात. म्हणून पाठांची उजळणी कानाने करता येईल असे भाग करायला घेतले. भाग करणं जमलं. ते कोण ऐकतंय आणि कुठवर ऐकतंय हे कळायला मात्र आठ महिने गेले. असंच काम हाती घेणाऱ्या शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून वहीतल्या नोंदी देते आहे. मुलांची नावं काढली आहेत, बाकी चुकांसकट तसंच ठेवलंय.

१८ जून २०२४

पहिला भाग टाकला : गुरुत्वाकर्षण, १६ मिनिटं ४० सेकंद. रेकॉर्डिंग घरीच, कपाटाला आणि दाराला गोधड्या टांगून. कॉलर माइक ८५० रुपये, मोबाईलला जोडायची पिन १५० रुपये. एडिटिंग ऑडॅसिटीवर, ते फुकट. फाईल ६४ केबीपीएस मोनो ठेवली, म्हणजे मिनिटाला साधारण ४८० केबी आणि अख्खा भाग ८ एमबीच्या आसपास. मुलांचा डेटा जास्त जाऊ नये हा हेतू.

ऑडिओ फाईल आणि फीड (पॉडकास्ट ॲप वाचतं ती भागांची यादी) एका ओळखीच्यांनी दिलेल्या साध्या वेब होस्टिंगवर ठेवलं. स्पॉटिफाय आणि ॲपलकडे फीड नोंदवलं. यूट्यूबवर स्थिर चित्र लावून तोच आवाज टाकला. वाटायला २०० पत्रकं छापली, ३६० रुपये.

२४ जून

पत्रकं वाया गेली. त्यावर ठळक लिहिलं होतं, "अँड्रॉइड फोनवर गूगल पॉडकास्ट्स उघडा". ते ॲप याच महिन्यात भारतात बंद झालं. अमेरिकेत एप्रिलमध्येच झालं होतं आणि बंद होणार ही घोषणा तर २०२३च्या सप्टेंबरातली. मी तपासलं नाही. पालक सभेत दोघा-तिघांनी "बाई, ते उघडत नाही" असं सांगितलं तेव्हा कळलं. उरलेल्या पत्रकांवर मराठीच्या बाईंनी आणि मी हाताने पट्ट्या चिकटवल्या. दोन संध्याकाळी गेल्या.

तरी आज मन भरून आलंय. होस्टिंगच्या पॅनेलवर पहिल्या भागासमोर आकडा आहे ६१२. आमच्या दहावीच्या दोन तुकड्या मिळून ९४ मुलं. म्हणजे शेजारच्या गावांतली मुलंही ऐकताहेत. मुख्याध्यापकांना सांगितलं, त्यांनी उद्याच्या परिपाठात जाहीर करायचं ठरवलं.

२ जुलै

६१२ खरे नाहीत. पुण्याचा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत आला होता. त्याने एकच प्रश्न विचारला : "काकू, हे हिट्स आहेत की डाउनलोड?" मला त्यातला फरकच ठाऊक नव्हता. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये 'रॉ लॉग' नावाचं बटण असतं. ते दाबून त्याने अख्खी यादी उतरवली आणि आम्ही दोघं रात्री साडेबारापर्यंत ओळ न् ओळ लावत बसलो.

बरीच ॲप्स फाईल एकदम मागत नाहीत. काही आधी पहिले दोन बाइट मागून फाईल जागेवर आहे ना ते बघतात. मग तुकडे मागतात. प्रत्येक तुकड्याला सर्व्हर '२०६' असं उत्तर देतो आणि पॅनेल प्रत्येक उत्तराला एक हिट धरतं. एका मुलीने एकदा ऐकलं की सात-आठ हिट सहज होतात.

आमची ६१२ची फोड :
नुसती चौकशी (पहिले दोन बाइट, किंवा फाईल न घेता फक्त माहिती) १९३. एकाच फोनने मागितलेले पुढचे तुकडे २१८. डेटा सेंटरमधून येणारे यांत्रिक फेरीवाले (माणूस नसताना आपोआप फाईल मागणारे प्रोग्रॅम) ९७. माझा, यजमानांचा, पुतण्याचा आणि मराठीच्या बाईंचा फोन मिळून ६३. उरले ४१.

मोजायची पद्धत आम्ही मनाने ठरवली नाही. आयएबी टेक लॅब या ऑनलाइन जाहिरातींची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेचे पॉडकास्ट मोजणीचे नियम आहेत, बहुतेक मोठ्या होस्टिंग कंपन्या तेच पाळतात. आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि युजर एजंट (म्हणजे ॲपने किंवा ब्राउझरने सांगितलेली स्वतःची ओळख) ही जोडी २४ तासांत कितीही वेळा आली तरी एकच डाउनलोड धरायचं. निदान एक मिनिटाचा आवाज उतरला पाहिजे. यंत्रं वगळायची.

परिपाठात सांगून झालेला आकडा मुख्याध्यापकांना दुरुस्त करून दिला. ते वाईट वाटून घेणारे नाहीत. "एकेचाळीस पोरं घरी विज्ञान ऐकतात ना, मग चालू ठेवा," म्हणाले.

७ जुलै

पुतण्या गेल्यावर मी एकटीने एक्सेलमध्ये तीच चाळणी लावली. नियम सोपा ठेवला : ४८० केबीपेक्षा जास्त उतरलं तर एक मिनिट झालं, मोजा. दुसऱ्या भागाला ७८ आले. पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. पण वर्गात विचारलं तर त्या भागाबद्दल चार-पाच जणांपलीकडे कोणाला काही सांगता येईना.

चूक सापडायला तीन दिवस लागले. दुसऱ्या भागाच्या एमपी३मध्ये मी मुखपृष्ठाचं चित्र घातलं होतं, ३००० बाय ३००० पिक्सेलचं, १.४ एमबीचं. ते चित्र फाईलमध्ये आवाजाच्या आधी बसतं. म्हणजे पहिले १.४ एमबी नुसतं चित्र उतरतं, आवाजाच्या हिशेबात जवळजवळ तीन मिनिटं. ज्यांनी एक शब्दही ऐकला नाही, तेही माझ्या चाळणीतून "एक मिनिट ऐकलं" म्हणून पार झाले.

चित्राचं वजन वजा करून पुन्हा मोजलं : ३३. मोठं चित्र फीडमध्ये वेगळं द्यायचं असतं, तिथे ते एकदाच लागतं. एमपी३मध्ये आता ३०० पिक्सेलचं, ४० केबीच्या आतलं ठेवते. आकड्यापेक्षा मला याची जास्त खंत वाटली, की डेटा वाचावा म्हणून मी आवाज ६४वर आणला आणि वर प्रत्येक मुलाकडून दीड एमबी चित्रापायी घेतला.

१३ जुलै

एक्सेल थांबवलं. आठवड्याचे चार तास त्यात जात होते. आता ओपी३ ही मोफत, मुक्तस्रोत सेवा लावली आहे. फीडमधल्या प्रत्येक फाईलच्या पत्त्याआधी तिचा पत्ता जोडायचा. मागणी आधी तिच्याकडे जाते, ती नोंद करते आणि आपल्या फाईलकडे पाठवते. जोडताना मी एक तिरपी रेघ विसरले आणि १९ तास एकही भाग वाजत नव्हता. जोडून झाल्यावर स्वतःच्या फोनवर, मोबाईल डेटावर, एक भाग वाजवून बघायचाच. तिथले आकडे कोणालाही दिसतात, हे मुख्याध्यापकांना आधी सांगून घेतलं.

रॉ लॉग अधूनमधून बघायला ठेवले आहेत, पण महिन्याच्या वरचे पुसते. त्यात मुलांच्या घरचे आयपी पत्ते असतात.

२१ जुलै, गुरुपौर्णिमा

तासांचा आलेख पहिल्यांदा नीट बघितला. सगळ्यात उंच दांडा २३वर. म्हणजे रात्री अकराला मुलं ऐकताहेत असं धरून मी गेला आठवडाभर वर्गात "इतकं जागू नका, लवकर झोपा" असं सांगत होते. मुली नुसत्या बघायच्या माझ्याकडे.

आज एकीने सांगितलं, "बाई, आम्ही नऊलाच झोपतो. पहाटे उठतो."

ओपी३चं घड्याळ यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं आहे. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. २३ ते २४ म्हणजे आपली पहाटे साडेचार ते साडेपाच. आई चूल किंवा गॅस पेटवते, गाई-म्हशींचं होतं, त्या वेळी भावाचा मोबाईल चार्जिंगला मोकळा असतो. तेवढ्यात पोरी ऐकतात.

याच कारणाने तारखाही सरकतात. आपल्या सोमवारी पहाटे पाचला ऐकलेलं तिथे रविवारच्या खात्यात पडतं. मी "रविवारी जास्त ऐकतात" असं वहीत लिहून ठेवलं होतं, ते खोडलं. नवीन भाग सकाळी आठला टाकत होते, आता रात्री साडेआठला टाकते, म्हणजे पहाटे हाताशी असतो.

४ ऑगस्ट

गावांची यादी बघितली. पुतण्याने लॉगमधले पत्ते एका मोफत आयपी-स्थान यादीशी ताडून दिले. मुंबई ५८ टक्के, पुणे २१ टक्के, आटपाडी शून्य. मराठीच्या बाई म्हणाल्या, मुंबईची मुलं ऐकतात तर उदाहरणं शहरी घ्यायला हवीत. मी विहिरीवरच्या मोटारीचं उदाहरण काढून लोकलचं घालायला बसलेही होते.

आधी स्वतःचा फोन तपासला. मी आटपाडीत, माझ्याच ओसरीवर बसलेली, आणि यादीत माझा फोन मुंबईला. मोबाईल कंपनीचं इंटरनेट ज्या ठिकाणाहून बाहेर पडतं तिथला पत्ता लागतो, आपण कुठे आहोत त्याचा नाही. शाळेतल्या सहा जणांचे फोन बघितले : चार मुंबई, दोन पुणे.

विहिरीची मोटार परत घातली. शहरांची यादी बघणं बंद. (हे "बंद" जास्तच झालं, ते पुढे जानेवारीत लिहिलंय.)

१७ ऑगस्ट

वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सांगितलं की त्यांच्याकडे रोज संध्याकाळी पंधरा-वीस मुलं वायफायवर भाग ऐकतात. आमच्या नोंदीत त्या वेळेला दोन किंवा तीन. कोण बरोबर, हे बघायला शाळा सुटल्यावर शिक्षक आणि शिपाईमामांचे मिळून ११ फोन गोळा केले. सगळे शाळेच्या एकाच वायफायवर. आठ जणांनी क्रोममध्ये भाग लावला, तिघांनी एकाच पॉडकास्ट ॲपमध्ये. पूर्ण पाच मिनिटं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी नोंद आली : ३.

कारण लॉगमध्ये डोळ्यांनी दिसतं. वायफाय एक म्हणून आयपी एक. क्रोम आता फोनचं मॉडेल सांगत नाही, कोणताही फोन असो 'अँड्रॉइड १०, के' एवढंच म्हणतं. शिपाईमामांचा चार वर्षांचा फोन आणि सरांचा नवा फोन, दोन्ही ओळी अक्षराअक्षराने सारख्या. क्रोमची एक जुनी आवृत्ती निघाली म्हणून आठांचे दोन झाले, नाहीतर एकच झाला असता. ॲपवाले तिघं मिळून एक.

जुलैमध्ये ६१२ चे ४१ केले तेव्हा मला वाटलं होतं की आता खरा आकडा हाती आला. तो नियम फुगवटा काढतो, पण एका वायफायवरची पोरंही एकात एक घालतो. याला आमच्याकडे तांत्रिक उपाय नाही. वसतिगृहाची संख्या अधीक्षक रोज वहीत टिपून शनिवारी पाठवतात, ती वेगळ्या रकान्यात लिहिते.

१५ सप्टेंबर

गणपतीत आकडे पडले. सातवा भाग (प्रकाशाचे अपवर्तन) १९ वर. सहावा ३४ होता. घाबरून भाग लांब होतात असा निष्कर्ष काढला आणि आठवा भाग नऊ मिनिटांत कोंबला. वर्गात तक्रार आली की उदाहरणंच नव्हती.

२९ सप्टेंबर

दोन चुका एकदम केल्या होत्या. सहाव्या भागाचे ३४ हे त्याच्या २६ दिवसांचे होते, सातव्याचे १९ फक्त आठ दिवसांचे. जुन्या भागाला वेळ जास्त मिळालेला असतो. त्यांची तुलना करायचीच नव्हती. आता प्रत्येक भागाचे दोनच आकडे लिहिते : पहिल्या ७ दिवसांत किती, पहिल्या ३० दिवसांत किती. तसं मांडल्यावर सहावा भाग ७ दिवसांत २२, सातवा १८. चारचा फरक, आणि मधे गणपती. चार मुलींच्या घरी गौरी-गणपतीला पाहुणे आले एवढंच असू शकतं.

टक्केवारी लिहिणंही सोडलं. "१८ टक्के घट" वाचलं की पोटात गोळा येतो. "बावीसचे अठरा" वाचलं की माणूस कारण शोधतो. आठवा भाग पुन्हा रेकॉर्ड केला, १४ मिनिटांचा. एक रविवार गेला.

६ ऑक्टोबर

आजची नोंद जरा मोठी आहे, कारण पहिल्यांदाच आकड्यांमुळे शिकवण्यात बदल केला.

डाउनलोड झालं म्हणजे ऐकलं असं नाही. सात एमबीची फाईल चांगल्या रेंजमध्ये काही सेकंदांत उतरते, मग ती वाजवली की नाही हे सर्व्हरला समजत नाही. ते ॲपलाच ठाऊक असतं. म्हणून तीन ठिकाणी बघायचं : स्पॉटिफायचा डॅशबोर्ड, ॲपलचा डॅशबोर्ड, यूट्यूब स्टुडिओ. तिथले शब्द वेगवेगळे आहेत आणि एकमेकांत मिळवायचे नाहीत. स्पॉटिफायवर 'स्टार्ट' म्हणजे बटण दाबलं, 'स्ट्रीम' म्हणजे किमान ६० सेकंद ऐकलं. ॲपल 'एंगेज्ड' श्रोता त्याला म्हणतं ज्याने एका भागाची निदान २० मिनिटं किंवा ४० टक्के ऐकलं. आमच्याकडे आयफोन जवळजवळ नाहीत, त्यामुळे ॲपलचं पान मी महिन्यातून एकदा उघडते. यूट्यूबच सगळ्यात मोठं.

'भिंगे व त्यांचे उपयोग' हा १४ मिनिटांचा भाग. यूट्यूबवर २१२ व्ह्यूज, सरासरी ६ मिनिटं ४० सेकंद. मी समजले मुलं निम्म्यात कंटाळतात, म्हणून सातव्या मिनिटाला काय आहे ते चार वेळा ऐकलं. तिथे काहीच वावगं नव्हतं.

मग शंभरातले किती जण कुठवर ऐकतात याचा आलेख बघितला. सातव्या मिनिटाला कोणीच सोडून जात नाही. पहिल्या १ मिनिट ४५ सेकंदांतच रेघ १०० वरून ५२ वर येते आणि तिथून जवळजवळ आडवी चालत शेवटी ३७ वर थांबते. निम्मी माणसं दारातून परत जातात, आत आलेली बहुतेक शेवटपर्यंत बसतात. ६ मिनिटं ४० सेकंद ही सरासरी ज्या मुलीची आहे अशी मुलगीच नाही.

पहिल्या पावणेदोन मिनिटांत काय होतं? २० सेकंद संगीत, नमस्कार, होस्टिंग देणाऱ्यांचे आभार, आज काय शिकणार याची यादी, "सबस्क्राइब करा". हे सगळं १२ सेकंदांवर आणलं. आभार शेवटी नेले. आता थेट : "मेणबत्ती भिंगापासून पंधरा सेंटिमीटरवर आहे. प्रतिमा कुठे पडेल?" पुढच्या भागात (धातुविज्ञान) पावणेदोन मिनिटांला ८१ उरले. पाठ वेगळा, श्रोते वेगळे, त्यामुळे सगळं श्रेय सुरुवातीला देत नाही, पण फरक मोठा आहे. जुन्या भागांची सुरुवात यूट्यूबच्या ट्रिम सोयीने कापली, तिथे पत्ता तोच राहतो. फीडमधल्या एमपी३ बदलल्या, पण ज्यांनी आधी उतरवून ठेवल्या त्यांच्याकडे जुन्याच राहतात.

याच आलेखात ९ मिनिटं १० सेकंदांला रेघ वर उचललेली होती. म्हणजे मागे जाऊन तोच भाग पुन्हा ऐकला जातोय. मी मनात सुखावले, की हा तुकडा मुलांना आवडला. वर्गात विचारलं. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, ते कार्टेशिअन चिन्ह संकेत. पाच वेळा ऐकलं. कळतच नाही."

साहजिक आहे. मी "आकृतीत डावीकडे" म्हणत होते आणि कानात आकृती नसते. तो तुकडा नव्याने रचला : तुम्ही स्वतः भिंगाच्या जागी उभ्या राहा. मेणबत्ती डाव्या हाताला. डाव्या हाताकडचं सगळं अंतर ऋण, उजव्या हाताकडचं धन. डोक्याच्या बाजूला धन, पायाच्या बाजूला ऋण. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर धन. आता वस्तू पंधरावर, म्हणजे उणे १५. नाभीय अंतर अधिक १०. उत्तर अधिक ३०, म्हणजे प्रतिमा उजव्या हाताला तीस सेंटिमीटरवर. विशालन उणे २, म्हणजे दुप्पट मोठी आणि पायाकडे डोकं. रेकॉर्ड करताना मी खरोखर खोलीच्या मध्ये उभी राहून हात पसरून बोलले.

२४ नोव्हेंबर

महिनाभर काही नाही. सहामाही, दिवाळी, मग २० तारखेच्या विधानसभा मतदानाची ड्यूटी आणि त्याचं प्रशिक्षण. एकही भाग नाही. जुने भाग मात्र रोज तीन-चार वेळा उतरत राहिले. स्पॉटिफायच्या डॅशबोर्डचं नाव याच महिन्यात 'क्रिएटर्स' झालं, जुनी खूण चालेना म्हणून दहा मिनिटं शोधलं.

१४ डिसेंबर

बुटाचं रिकामं खोकं प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवलं. 'उष्णता' या भागात अकराव्या मिनिटाला प्रश्न विचारला : शून्य अंश सेल्सिअसच्या ५ ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी व्हायला किती कॅलरी लागतील? उत्तर चिठ्ठीवर लिहून खोक्यात टाकायचं. नाव लिहायचं नाही. कोणाच्या फोनवर ऐकलं, कशातून ऐकलं आणि सोबत किती जण होते, एवढंच लिहायचं.

आठवड्यात ५३ चिठ्ठ्या. ४९ जणांचं उत्तर ४००, बरोबर. चौघांनी ८० लिहिलं, म्हणजे अप्रकट उष्मा (एक ग्रॅम बर्फ वितळायला लागणारी उष्णता) लक्षात आहे पण ग्रॅमने गुणायचं राहिलं. त्या चौघांसाठी सोमवारी फळ्यावर पुन्हा घेतलं. एवढं नेमकं मला कुठल्याच डॅशबोर्डने सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ओपी३वर त्या भागाचे डाउनलोड २९, यूट्यूबवर ६१. आणि ५३ पैकी ३४ चिठ्ठ्यांवर लिहिलं होतं "व्हॉट्सॲपवर आलेली फाईल". कुणाचा तरी भाऊ फाईल उतरवतो आणि गटात टाकतो. ती आमच्या सर्व्हरकडे येतच नाही, म्हणून मोजली जात नाही. आमचा सगळ्यात मोठा वर्ग नोंदीच्या बाहेर होता.

एक चिठ्ठी वहीत चिकटवून ठेवली आहे. वहीच्या कोपऱ्याचा फाडलेला त्रिकोण, पेन्सिलने : "४०० कॅलरी. दादाच्या मोबाईलवर. मी, शेजारची आणि आई. आईला पण बर्फाचं कळलं."

मोजताना परत चूक केली. "सोबत किती" यांची बेरीज करून ११७ श्रोते लिहिले. नंतर लक्षात आलं, तिघी मैत्रिणींनी एकत्र ऐकलं आणि तिघींनीही चिठ्ठी टाकली, प्रत्येकीवर "तिघी". तिनाचे नऊ झाले. पुढच्या वेळेपासून प्रश्न बदलला : सोबत ऐकणाऱ्यांपैकी चिठ्ठी न टाकणारे किती?

व्हॉट्सॲपसाठी आता मीच वेगळी फाईल करते, ३२ केबीपीएस, चौदा मिनिटांची साडेतीन एमबीच्या आत, आणि स्वतः गटात टाकते. नाहीतर पावणेदोन मिनिटांच्या जुन्या सुरुवातीचीच फाईल फिरत होती.

१२ जानेवारी २०२५

ऑगस्टमध्ये शहरांची यादी बंद केली तेव्हा मी आणखी एक गोष्ट केली होती. महाराष्ट्राबाहेरचे सगळे पत्ते "चुकीचे" धरून माझ्या बेरजेतून काढले. आज लॉग पुसण्याआधी सहज वाचताना त्यात कोइंबतूर दिसलं. एकच पत्ता, एकच ॲप, दर रविवारी रात्री साडेदहाच्या सुमारास, पहिल्या भागापासून क्रमाने. यंत्र असं क्रमाने, रविवारीच आणि पूर्ण फाईल घेत नाही. शिवाय पत्ता घरगुती ब्रॉडबँडचा होता, मोबाईलचा नाही. तसे पत्ते बऱ्यापैकी खरं गाव दाखवतात.

खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर आहेत. तमिळनाडूत आमच्या प्रत्येक गावातलं कोणी ना कोणी आहे. हे मला जन्मापासून माहीत असताना मी ते नाव खोडलं.

भागाच्या शेवटी शाळेचा मोबाईल क्रमांक सांगून म्हटलं, गावाबाहेर कोणी ऐकत असेल तर दोन शब्द पाठवा. चौथ्या दिवशी निरोप आला. आमच्याच शाळेतून नववीत असताना शाळा सोडून गेलेला मुलगा, आता १९ वर्षांचा. गलाईच्या दुकानात असतो, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतोय. आठवडाभर भट्टी असते, रविवारी रात्री दुकानातल्या वायफायवर भाग उतरवतो. त्याची एकच मागणी : "बाई, पान नंबर सांगत जावा. पुस्तक समोर असतं पण शोधायला वेळ जातो."

सगळ्या भागांच्या वर्णनात पान क्रमांक घातले, नव्या भागांत तोंडानेही सांगते. दोन तासांचं काम होतं. सहा महिने आधी करता आलं असतं.

१६ फेब्रुवारी

परीक्षा येत्या शुक्रवारी, २१ तारखेला सुरू. विज्ञानाचे पेपर नंतर आहेत. एकूण १९ भाग झाले. पैशाचा हिशेब : माइक आणि पिन १,०००, पत्रकं ३६०, डोमेन ८००, पट्ट्या-चिठ्ठ्या-कागद ९० रुपये. ओपी३, यूट्यूब आणि बाकी सगळं फुकट. आकड्यांच्या मागे गेलेला वेळ साधारण ७० तास, त्यातले निम्म्याहून जास्त चुकीचा आकडा बरोबर समजण्यात.

वहीत दर रविवारी आता एवढंच लिहिते : भागाचे पहिल्या ७ दिवसांचे डाउनलोड, यूट्यूबवर पावणेदोन मिनिटांला आणि शेवटी किती उरले, रेघ कुठे उचलली आहे, वसतिगृहाची संख्या, खोक्यातल्या चिठ्ठ्या आणि त्यातली चुकलेली उत्तरं. वीस मिनिटं पुरतात. एकूण श्रोते किती, हा रकाना ठेवलेला नाही.

कालची पहाट, साडेचार ते साडेपाच : २६ डाउनलोड. आतापर्यंत त्या तासाला एवढे कधी आले नव्हते. त्यातले ११ भिंगांचे, आणि दुरुस्त केलेल्या फाईलचेच. कोइंबतूर गेले दोन रविवार दिसत नाही. तो परवा गावी आलाय, उद्या शाळेत गणितं घेऊन येणार आहे.

खोकं परीक्षा संपेपर्यंत खिडकीतच राहील. शिपाईमामांना झाडताना चिठ्ठ्या टाकून देऊ नका म्हणून सांगून ठेवलंय.